टेबलाचं हँडल

काल देवासच्या आमच्या शेडमध्ये गेले. पुतण्या लोखंड तासायचं जुनं मिलिंग मशीन कॉम्प्युटरवर चालवायच्या खटपटीत आहे. कटिंग ऑईलचा आंबूस वास नाकात शिरला आणि माझा उजवा खांदा दुखायला लागला.

नवरा असताना तो ऑर्डरी आणायला धारला जायचा, मशीन मी चालवायचे. मशीनचं टेबल हँडल फिरवून वर कटरपर्यंत चढवावं लागे आणि त्यावर लोखंड बांधलं की ते म्हशीएवढं जड व्हायचं. एका दुपारी खांदा सुजला होता. धाकटा दीर कारागिरांबरोबर पोहे खात बसला होता.

"भाऊजी, जरा हात लावा," मी म्हटलं.

"वहिनी, तुमच्यासारखी मोटर इंदूरलाही मिळायची नाही! बिजली नको, फक्त चहा पाजा. क्यों भिया?"

सगळे शेव सांडेपर्यंत हसले. मीही हसले. घरच्या सुनेनं रुसू नये, असं तेव्हा वाटायचं. आता त्या माझ्या हसण्याचाच जास्त संताप येतो.

काल पुतण्यानं विचारलं, "काकू, मशीन तुमचं. वर-खाली करायची मोटर टेबलाला लावू की वर कटरला? कटरला लावली तर दर नव्या कामाला टेबल हातानंच चढवावं लागेल. आणि मशीनवर बाबाच असतात."

त्याचे बाबा म्हणजे तोच दीर. बाजूलाच उभा होता.

"कटरला लाव," मी म्हटलं.

"वहिनी, माझ्या वयाकडे तरी बघा," दीर म्हणाला.

मी बघितलं, चांगलं डोळे भरून बघितलं. मग पुतण्याला म्हटलं, "आणि हँडलला ग्रीस लावत बसू नकोस."