शेतातली माती आणि न्यूझीलंडचं शेवाळ

माती ही आपली आई आहे. तिच्या कुशीतून सगळं उगवतं आणि तिच्याच कुशीत परत जातं. हे ऐकत मी मोठी झाले आणि निवृत्त होईपर्यंत त्यावर शंका घ्यायचं काही कारण पडलं नाही. मग घरात ऑर्किड आलं. ते मातीत लावलं की कुजतं.

माझी सगळी नोकरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात झाली. निरोपाच्या कार्यक्रमात माझ्याबद्दल जी भाषणं झाली, ती ऐकताना मला हळूच स्वतःची नाडी तपासावीशी वाटली. शेवटी शाल आणि नारळाबरोबर हे जांभळ्या फुलांचं झाड हातात आलं. शाल कपाटात गेली, नारळाची चटणी झाली. झाड तेवढं उरलं.

माझ्या हाताला झाड लागत नाही, हे सासरी सर्वमान्य आहे. मोगरा गेला, पुदिना गेला, कोरफडसुद्धा गेली. कोरफड मारायला अंगात वेगळी कला लागते, असं माझ्या थोरल्या जाऊबाई पाहुण्यांना सांगतात. त्यांना आम्ही अक्का म्हणतो. त्या हातकणंगल्याकडे शेतावर राहतात आणि त्यांनी वाळकी काठी रोवली तरी तिला पालवी फुटते. म्हणूनच हे ऑर्किड जगावं, आणि नुसतं जगू नये तर माझ्या हातून पुन्हा फुलावं, अशी माझी इच्छा होती. ती उदात्त होती असं मी म्हणत नाही.

फुलं गळून गेल्यावर अक्का आमच्या कळंब्याच्या घरी आल्या. झाड मातीऐवजी लाकडाच्या सालीच्या तुकड्यांत लावलेलं होतं.

"आगं, ही कुंडी हाय का चुलीपुढचा कचरा? मुळं बघ कशी उघडी पडल्यात. उपाशी ठेवलंयस की बिचाऱ्याला."

मी चहा करून बाहेर येईपर्यंत त्यांनी शेतातून आणलेली काळी माती शेणखत घालून कुंडीत गच्च भरली होती. वर पाण्याचा तांब्या ओतला होता. घराण्याच्या मातीला नको कोण म्हणणार? मी चहा दिला.

पाऊस सुरू झाला आणि पानं लुळी पडू लागली. मी पुस्तकं काढली. त्यांत लिहिलं होतं की हे झाड रानात दुसऱ्या झाडाच्या फांदीवर बसून राहतं आणि त्याच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. कुंडी उपडी केली. निम्मी मुळं बोटांत धरली की साल निसटून आत नुसता दोरा उरत होता. कात्री गॅसवर तापवून मी कुजकं सगळं कापलं, कापल्या जागी बुरशी धरू नये म्हणून दालचिनीची पूड लावली आणि झाड वर्तमानपत्रावर आडवं ठेवलं. आता ते कशात लावायचं, एवढाच प्रश्न होता.

शाहूपुरीतल्या दुकानदाराने काचेच्या कपाटातून एक पाकीट काढलं. काढण्याची पद्धत सोनारासारखी होती.

"हे मॉस, मॅडम. न्यूझीलंडचं शेवाळ. एकदा भिजवलं की आठ दिवस ओल सोडत न्हाय."

"कोल्हापुरात आषाढात माझी उशीपण सोडत नाही."

"मग दुसरं काय देऊ?"

"सगळं थोडं थोडं द्या."

मी शेवाळ, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि पाइनची साल घेतली. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून लाकडी कोळसा मागून आणला. गच्चीवर पडलेलं फुटकं कौल वरवंट्याने फोडलं. मग एकेक वस्तू भिजवून, निथळून वेगवेगळ्या वाट्यांत भरली आणि त्या वाट्या हॉलमध्ये, न वाळणाऱ्या कपड्यांच्या दोरीखाली मांडल्या. पुस्तकं लिहिणारे वेगवेगळ्या देशांत राहत होते. त्यांच्यापैकी कुणाचेही कपडे आमच्या हॉलमध्ये वाळत नव्हते.

"कोळसा आणलायस, आता शेगडी आणू का?" नवऱ्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी कौल आणि कोळसा कोरडे झाले. त्यानंतर साल वाळली. सोडणं आतून ओलीच राहिली, आणि शेवाळ माझ्या टॉवेलच्या बरोबरीने ओलं राहिलं. शेवाळ बाद झालं. नुसता कोळसा ठेवावा तर उन्हाळ्यात झाड तहानेने मरेल, म्हणून निम्मी साल आणि निम्म्यात कोळसा व कौलाचे तुकडे असं मिश्रण ठरवलं. सगळ्या बाजूंनी भोकं असलेल्या मातीच्या कुंडीत झाड बसवलं, डुगडुगू नये म्हणून काठीला बांधलं आणि अक्कांना फोन केला.

"अक्का, माती काढली."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"कुठं टाकलीस?"

"तुळशीला घातली."

तुळशीपुढे कुणाचं काही चालत नाही.

"मग असू दे," त्या म्हणाल्या. "बघू तुझं दगडगोटं काय दिवं लावत्यात ते."

गणपती होऊन गेले आणि पानाच्या बुडातून एक हिरवं टोक बाहेर आलं. ते खाली वळलं, कोळशाच्या एका खड्याला टेकलं आणि चिकटलं. मी खडा हलवून पाहिला, सुटला नाही. त्या सकाळी मी नवऱ्याला दोन वेळा चहा करून दिला आणि कारण सांगितलं नाही. दिवाळीनंतर गारठा पडला तसं आणखी एक टोक निघालं. हे वर गेलं. मी ते मूळ असेल म्हणत राहिले, कारण मला आशा बाळगायची सवय नाही. पण त्याला कळ्या आल्या, आणि मुळांना कळ्या येत नाहीत.

थंडी सरताना सगळी फुलं उमलली आणि मी अक्कांना जेवायला बोलावलं. त्या चप्पल काढून थेट खिडकीपाशी गेल्या. फुलं पाहिली. कुंडीत बोट घालून माती कुठे लपवली आहे का तेही पाहिलं.

"लागलं की गं तुझ्या हाताला," त्या म्हणाल्या.

हे वाक्य ऐकायला मी अख्खा संसार थांबले होते.

"कोळसा कुठला म्हणालीस?"

"इस्त्रीवाल्याचा."

"मला बी लावून दे एक."

मग त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, डोळे मिटले आणि देवळात वाकावं तसं वाकून सगळ्यांत मोठ्या फुलाला नाक लावून दीर्घ श्वास घेतला. बराच वेळ त्या तशाच वाकून राहिल्या.

या जातीच्या फुलाला वास नसतो.