बेटावरच्या बाईला दिलेली भिशी

अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, तेवढं माफ करावं. माफी कोणाकडे मागते आहे कोण जाणे, हे कागद मी कोणाला दाखवणार नाही.

मुलाने मला इकडे ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळ पॉइंट कुकला आणलं. शेजारच्या वेरिबी गावातल्या एका वृद्धाश्रमात मी लॉन्ड्रीत काम करते. घडी घालताना चादरीचं दुसरं टोक धरते ती किरिबाटीची बाई. किरिबाटी म्हणजे समुद्रात विखुरलेली बेटं. तिचं इंग्रजी माझ्याएवढंच मोडकं, म्हणून आमचं जमतं. तिचे वडील लहान असताना गोऱ्यांनी त्यांच्या बेटाजवळ अणुबॉम्ब फोडून पाहिले. माणसांना ताडपत्रीखाली बसवलं आणि डोळे मिटा म्हणाले. पुढे वडील रक्ताच्या आजाराने गेले.

आता अणुबॉम्बवर बंदीचा करार झाला आहे. तिच्या देशाने सही केली, आणि बॉम्बने ज्यांचं वाटोळं झालं त्यांना मदत मिळावी म्हणून तो एवढासा देश पुढे होऊन भांडतो. सही केलेल्या देशांची न्यूयॉर्कला बैठक होती. तिथे वडिलांचं सांगायला तिला बोलावलं होतं, पण तिकीट तिचं तिने काढायचं होतं.

त्याच महिन्यात आमच्या मराठी बायकांच्या भिशीत माझी चिठ्ठी निघाली. नाशिकला माझी बहीण अंथरुणाला खिळली आहे, त्या पैशांत मी तिला भेटायला जाणार होते. ते मी या किरिबाटीच्या बाईला तिकिटासाठी उसने दिले. बहीण तोवर थांबेल की नाही, याची धास्ती होतीच.

पुढच्या भिशीला हे फुटलं.

"कोणाला दिले म्हणालात, काकू?"

"अगं, ती बेटावरची."

जिच्या घरी भिशी होती तिचा नवरा साबुदाणावडा घ्यायला आत आला होता. म्हणाला, "काकू, ज्यांच्याकडे बॉम्बच नाही त्यांनी बॉम्ब सोडायची सही करायची, म्हणजे मी टकल्याने कंगवा सोडल्यासारखं!"

सगळ्या खदखदून हसल्या. एक म्हणाली, "आणि काकूंचे पुढचे हप्ते? ते काय बेटावरून येणार?"

मला चारचौघांत बोलता येत नाही. पण याच माणसाने घराजवळ मोबाइलचा टॉवर नको म्हणून दारोदार फिरून सह्या गोळा केल्या होत्या. माझीही घेतली होती. तेव्हा सहीला किंमत होती. हे लोक एका देशात जन्मले, दुसऱ्याचा पासपोर्ट घेतला. दोन्ही देशांनी त्या करारावर सही केलेली नाही, त्याचं यांना काही नाही. हसू येतं ते त्या बेटाचं. डिग्र्या भिंतीवर आणि डोकं वड्याच्या ताटात.

मुलगा गाडीत म्हणाला, "आई, मला विचारायचं तरी. इट्स गॉन."

ती बोलून परत आली. मी विचारलं, "किती वेळ दिला?"

"तीन मिनिटं."

"बॉम्बवाले देश होते?"

"आलेच नाहीत. ऑस्ट्रेलियावाले नुसते मागे बसून ऐकत होते."

लग्नाला येऊन आहेर न करता जेवून जातात, त्या जातीचे. मी तिला तसं सांगायचा प्रयत्न केला, पण आहेराला इंग्रजी शब्द सापडला नाही.

मग ती रविवारची शिफ्टही घेऊ लागली. पगार झाला की थोडे पैसे आणून द्यायची. मध्ये तिची पाठ धरली, तेव्हा दोन पगार काही आलं नाही. भिशीत टकल्याने विचारलं, "काय काकू, बेटं बुडाली की पैसे?" मी माझा हप्ता ताटाशेजारी ठेवला आणि चहा न घेता निघाले. हप्ता मी एकदाही चुकवला नाही, त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

बहिणीचा फोन यायचा. आवाज बारीक झाला होता. "येतेस ना गं?" म्हणायची. मी येते म्हणायचे.

या गुरुवारी चादरी संपल्यावर तिने उरलेले सगळे पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "मोज." मी नको म्हटलं, पण ती ऐकेना. मोजले. पुरे होते. आता नाशिकचं तिकीट काढता येईल.