हिरड्याची चक्की आणि बापूजींचं खरं

खरं बोलणाऱ्या माणसांशी माझं वैर नाही. त्यांना सरकारी माणसासमोर एकटं बसवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. आमच्या घरात हे माझ्याशिवाय कुणाला सुचलं नाही, आणि मला सुचलं तोवर साहेबांच्या पेनचं टोपण निघालेलं होतं.

आमचं घर घोडेगावच्या पेठेत. माझ्या सासऱ्यांचे आजोबा राजस्थानातून आले आणि डोंगरातला हिरडा विकत घेऊन बाहेर पाठवायला लागले. आम्हीही तेच करत आलो. भीमाशंकरच्या खालच्या वाड्यांमधल्या बाया उन्हाळ्यात कोवळा बाळहिरडा गोळा करतात, कातळावर वाळवतात, काळा कुळकुळीत झाला की पोत्यांत भरून आणतात. आम्ही ती पोती ट्रकमध्ये चढवतो. लांबच्या शहरातला कुणीतरी हिरडा दळतो, डबीत भरतो, डबीवर दाढीवाल्या ऋषीचं चित्र छापतो आणि आमच्यापेक्षा जास्त कमावतो. लग्न होऊन आल्यापासून मी विचारत होते, आपणच का दळू नये? नवरा म्हणायचा, "बघू." तो अजून बघतोच आहे.

शेवटी मीच उठले. गावाबाहेर सासऱ्यांच्या नावावर जागा होती, तिथे पत्र्याची शेड घातली. चक्की वारूळवाडीच्या एका वर्कशॉपमधून बनवून घेतली. तिथला मिस्त्री एरवी ट्रॅक्टरची अवजारं करतो. म्हणाला, "भाबी, गहू काय अन् हिरडा काय, शेवटी दळायचंच ना?" त्याने चांगली चक्की केली. भुकटी उडू नये म्हणून वर कापडी पिशव्याही बसवल्या. हिरडा निवडायला डोंगरातल्याच बाया येणार होत्या. हिरडा आणायचा, तो निवडायचा आणि मजुरी घेऊन घरी जायचं. साधं काम. पण ते पावसाच्या आत सुरू व्हायला हवं होतं, कारण एकदा हवा ओली झाली की हिरड्याला बुरशी धरते.

परवानगी लागणार हे मला माहीत होतं; जागा सासऱ्यांची म्हणून अर्ज त्यांच्या नावाने केला, आणि तोवर चाचणीपुरता रोज थोडा हिरडा दळत होतो. अभयारण्य जवळ, त्यामुळे झाड तोडायचं म्हटलं काय आणि चूल पेटवायची म्हटलं काय, कुणाला तरी विचारावं लागतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जंगल राहिलं नाही तर हिरडा कुठून येणार? तक्रार आहे ती विचारणाऱ्यांबद्दल.

चक्की तपासायला सरकारी साहेब आले ते उन्हात. शेडमध्ये शिरायच्या आधी त्यांनी बुटावरची धूळ आमच्याच पोत्याला पुसली. मग विचारलं, "मशीनमधून जी धूळ निघते, तिची विल्हेवाट कशी लावता?"

"पोत्यात भरतो," मी म्हटलं.

"आणि पोती कुठे टाकता?"

"विकतो. साहेब, ती धूळ म्हणजेच माल आहे. दुसरं काही यातून निघतच नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी लपवते आहे. पुढचा प्रश्न सांडपाण्याचा. कोरड्या चक्कीला सांडपाणी कुठून येणार? "लागू नाही" असं लिहिताना त्यांचा चेहरा पडला. इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मी चहा सांगायला बाहेर गेले, आणि तेवढ्यात बापूजींनी चक्की दाखवायला घेतली.

सासऱ्यांना आम्ही बापूजी म्हणतो. ते पक्के जैन; सूर्य मावळायच्या आत जेवतात, पाणी गाळून पितात आणि कुठेही बसायच्या आधी पुंजणीने जागा झाडतात. पुंजणी म्हणजे लोकरीची मऊ झाडणी, जीवजंतू न मरता बाजूला सारायला. चक्की लावायच्या आधी तिच्या तोंडातही पुंजणी फिरवायची, असा त्यांचा नेम. मी चहा घेऊन आले तेव्हा ते वाकून तेच करत होते आणि साहेब शेजारी उभे होते.

"काका, हे काय करताय?"

"जीव काढतोय."

"कसले जीव?"

"मुंग्या, सोंडे, बारीक किडे. हिरड्याबरोबर येतात बिचारे."

"सगळे निघतात?"

"सगळे कसे निघतील साहेब? काही मरतात."

"म्हणजे मशीनमुळे जीव मरतात?"

"मरतात तर. रोज मरतात," बापूजी म्हणाले. "पाप आहे ते. पर्युषणात आम्ही क्षमा मागतो त्यांची."

मी घाईने चहाचा कप साहेबांच्या पुढे केला. साहेबांचा चेहरा मात्र पहिल्यांदा उजळला. सबंध दुपार ज्या ओळीसाठी त्यांनी घाम गाळला होता, ती त्यांना आयती मिळाली. त्यांनी लिहिलं की प्रकल्पामुळे जीवसृष्टीची हानी होते, हे अर्जदाराने स्वतः मान्य केलं आहे. चहा पिऊन, बिस्किटं संपवून ते गेले. मागून कळलं की परिणामांचा अभ्यास करून अहवाल द्या, तोवर चक्की बंद.

सोंड्यांच्या मरणाचा अभ्यास! डाळीच्या डब्यातल्या ज्यांना माझी आई उन्हात घालून हाकलायची, त्यांच्यासाठी आता सल्लागार नेमायचा.

सल्लागार आळेफाट्याला, एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर. खाली ट्रकचे पाटे ठोकले जात होते आणि वर हा पर्यावरण सांभाळत होता. भिंतीवर हरणाचं पोस्टर. माझं ऐकून तो हसला. "मॅडम, काकांनी लई घोळ केला राव. असं कुणी बोलतं का?"

"मग काय बोलतात?"

त्याने एक जाडजूड अहवाल पुढे सरकवला. जुन्नरच्या बाजूच्या एका खडी क्रशरचा होता. तो क्रशर मला चांगला माहीत आहे. माझी बहीण त्याच रस्त्याला राहते. तिथल्या कांद्याच्या पाती पांढऱ्या असतात आणि वाळत घातलेले कपडे झटकले की ढग उठतो. मालकाचा फोटो मात्र प्रत्येक चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर असतो. जनसुनावणीला त्याने मंडप घातला होता आणि वडापाव ठेवले होते. वडापाव संपले तेव्हा सुनावणीही संपली. अहवालात लिहिलं होतं, प्रकल्पामुळे कोणत्याही सजीवाला कोणतीही हानी पोहोचत नाही.

"डोंगर फोडतात तिथे काहीच मरत नाही?" मी विचारलं.

"अहवालात नाही मरत," तो म्हणाला. त्याला लाजबीज काही वाटली नाही. त्याच्या प्रामाणिकपणाचं मला कौतुकच वाटलं असतं, पण तो नंतर आमच्या शेडला येऊन एका बुलबुलाचा फोटो काढून गेला आणि त्याला क्षेत्रपाहणी म्हणाला. जाताना विचारलं, "इथे शेकरू आहे का?" मी म्हटलं, "वर जंगलात आहे, माझ्या शेडमध्ये नाही." त्याने मान डोलावली आणि टिपून घेतलं.

आता एकच अडत होतं. हानी होत नाही, असं अर्जदाराने लिहून द्यायचं होतं, आणि अर्जदार होते बापूजी.

"मी नाही लिहिणार," ते म्हणाले. "मरतात ते मरतात."

"बापूजी, क्रशरवाल्याने लिहिलं."

"त्याचं तो बघेल."

"मग आपला माल कोण बघेल?"

त्यांची गोष्ट सोपी होती. सत्य त्यांनी बोलायचं आणि त्याचा खर्च दुसऱ्यांनी उचलायचा. मला अशा सत्याचा कंटाळा आहे. दारात वरच्या वाडीची म्हातारी उभी होती. तीच दरवर्षी बाया गोळा करून आणायची. तिने सगळं ऐकलं होतं.

"भाबी, चक्की व्हनार का न्हाई ते एकदा सांगा," ती म्हणाली. "न्हाईतर बाया नारायणगावला टोमॅटो तोडाया चालल्यात. एकदा गेल्या की माघारी येत न्हाईत. आन् हिरडा घरात भिजंल."

"होईल," मी म्हटलं.

"शेटजी तर नाय म्हनत्यात."

"शेटजी आता मालक नाहीत."

हे मला त्याच क्षणी सुचलं होतं. बापूजींनी मान वर केली. मी त्यांना सरळ सांगितलं, जागा मला भाड्याने द्या, अर्ज माझ्या नावाने जाईल. जे लिहायचं ते मी लिहीन.

"म्हणजे खोटं तू बोलणार?"

"हो."

त्यांनी भाडेकराराला होकार दिला, एका अटीवर. पुंजणी रोज फिरलीच पाहिजे, आणि ती मी फिरवायची.

मला त्यात अवघड काहीच नव्हतं. किडा दळला गेला की पावडर परत येते, हे मला पुण्याच्या व्यापाऱ्याने आधीच बजावलं होतं. पुण्य आणि धंदा इतके सोयीने क्वचित जुळतात.

साहेब पुन्हा आले तेव्हा बाया निवडायला बसल्या होत्या. बापूजी वजनकाट्याजवळ, हात मांडीवर. मी मुद्दामच साहेबांच्या देखत चक्कीच्या तोंडात पुंजणी फिरवली. एक मुंगी माझ्या मनगटावर चढली, तिला मी फुंकर मारून खाली सोडलं.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"साफसफाई," मी म्हटलं.

"वा. रोज करता?"

"रोज."

त्यांनी "स्वच्छता उत्तम" असं लिहिलं. वाडीची म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "आन् जीव?" साहेबांनी विचारलं, बापूजींकडे तिरपं बघत.

"हानी होत नाही," मी म्हटलं.

बापूजी उठले आणि बाहेर गेले. पाऊस यायच्या आत परवानगी आली. बाया टोमॅटोला गेल्या नाहीत. चक्की पहिल्यांदा पूर्ण जोरात सुरू झाली तेव्हा म्हातारीने कान झाकले आणि म्हणाली, "लई वरडती गं बया!"

त्या दिवशी संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आधी, मी बापूजींचं ताट वाढलं. त्यांनी ते बाजूला सारलं.

"आज उपवास आहे."

"कसला? आज तर काही तिथी नाही."

"तू खोटं बोललीस त्याचा," ते म्हणाले. "कुणीतरी करायला हवा."

मी म्हटलं, करा. आणि त्यांचं ताट पुढे ओढून मी जेवले. दिवसभर उभी होते, भूक लागली होती.