मोहाच्या दिवसांतली आठ वाजताची पालकसभा

आमच्या गावातले सगळे पालक एका सकाळी पालकसभा सोडून जंगलात पळाले, आणि त्यांना पळवून लावणारी मी होते. (मुद्दाम नाही. हे मी नंतर बऱ्याच जणांना सांगून पाहिलं, पण कोणी मनावर घेतलं नाही.)

मी आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. बी.ए.ला इतिहास शिकते, तरी पाण्याची मोटर बंद पडली की बाबा मलाच हाक मारतात. त्यामुळे कॉलेजात दोन दिवसांचं शिबिर लागलं तेव्हा मी सगळ्यांच्या आधी नाव दिलं. शिकवणाऱ्या माणसांना कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायला मदत करायची, पण माणसाला केंद्रस्थानी ठेवून, असा विषय होता. सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘आधी माणसाला विचारा, मग यंत्राला.’ मी ते वहीत लाल पेनाने उतरवलं आणि खाली दोन रेघा मारल्या. शेवटी प्रमाणपत्र मिळालं आणि एक काम मिळालं: गावातल्या एका शिकवणाऱ्याला मदत करा, अहवाल लिहा.

मी आईला निवडलं. आई आमच्या गावची अंगणवाडी सेविका, शिवाय घरातच सापडते. आणि तिला मदतीची खरंच गरज होती. वरच्या ऑफिसातल्या मॅडम पालकसभा बघायला येणार होत्या. पालक दिसले नाहीत तर आमची अंगणवाडी नाल्यापलीकडच्या गावाला जोडायची, असं चाललं होतं. पावसाळ्यात तो नाला मोठी माणसंही जपून ओलांडतात, तीन-तीन वर्षांची पोरं कशी जाणार? आईला त्या आठवड्यात जेवण जात नव्हतं.

“आई, टेन्शन नोको घेऊ. मोबाइलले विचारू,” मी म्हटलं.

“मोबाइलले काऊन? मी बसली हाय ना इथी, मले विचार.”

(लाल रेघांची वही तेव्हा माझ्या मांडीवर उघडीच होती.)

मोबाइलने अर्ध्या मिनिटात आराखडा दिला. सभा सकाळी आठला, कारण पालक कामावर जाण्याआधी मोकळे असतात. मग पाच मिनिटं ओळखीचा खेळ, मग चर्चा, शेवटी अभिप्रायाचे कागद. सगळं चौकटी आखलेल्या तक्त्यात! मला इतका आनंद झाला की त्याच्याकडूनच पत्र लिहून घेतलं आणि मॅडमच्या फोनवर पाठवूनही दिलं. मॅडमचा ‘ठीक आहे’ आला, तेव्हा मी आईला तक्ता वाचून दाखवला.

आईचा तांदूळ निवडणारा हात थांबला. “मोहाचे दिवस होत, बाई. आठ वाजता गावात कुत्रं बी नाई भेटत.”

हे मला माहीत नव्हतं असं नाही. मोहफुलं पहाटेपासून टपटप पडतात, सारं गाव अंधारातच टोपल्या घेऊन ती वेचायला निघतं आणि अकराच्या आत परतत नाही. बारावीपर्यंत मीही जात होते. पण तक्ता इतका सुंदर होता की माझी सगळी अक्कल त्याच्यापुढे पदर घेऊन उभी राहिली. आता मॅडमना वेळ बदला म्हणायची आईची हिंमत होईना. संध्याकाळी घरोघरी फिरून एक दिवस मोहाला जाऊ नका म्हणते, असं ती म्हणाली. मी तिला चप्पलसुद्धा घालू दिली नाही. हे काम आता बसल्या जागी होतं, म्हटलं.

मी मोबाइलकडून बोलका निरोप बनवून घेतला. आवाज भारदस्त, पुरुषी. ‘सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की उद्या सकाळी ठीक आठ वाजता उपस्थित राहणे अनिवार्य असून अनुपस्थितांची नोंद घेण्यात येईल.’ अंगणवाडीचं नाव चौथ्या वाक्यात होतं. गावाच्या ग्रुपवर निरोप गेला, सगळ्यांनी ऐकला. फक्त चौथ्या वाक्यापर्यंत कोणी थांबलं नाही.

सकाळी मी सतरंज्या अंथरल्या, कागद मोजून ठेवले. आठ वाजले. कोणी नाही. माझे बाबाही नाहीत! मॅडम मात्र स्कूटीवरून वेळेवर आल्या.

“पालक कुठे आहेत?”

“येऊन राह्यले,” मी म्हटलं, आणि तक्त्यात आठ-पाचला ओळखीचा खेळ होता म्हणून तो सुरू केला. आम्ही तिघीच. मॅडमनी नाव सांगितलं, आवडतं फळ पेरू सांगितलं. आईने नाव सांगितलं आणि माझ्याकडे बघत म्हणाली, “मले काई आवडत नाई.”

मग ती उठली. रजिस्टर काखेत घेतलं, पोरांचा वजनकाटा खांद्याला अडकवला आणि मॅडमना म्हणाली, “चप्पल मजबूत हाय ना? चला.”

नेहमीच्या मोहांखाली कोणी नव्हतं. आम्ही आणखी आत गेलो, मग आणखी आत. शेवटी गाव सापडलं, पण रजिस्टर आणि मॅडम दिसताच गावाने पळायला टोपल्या उचलल्या.

“अवं तारा, मी होय! बस खाली,” आई ओरडली.

शेजारची ताराबाई धापा टाकत बसली. “आमाले वाटलं कोनी साहेब दंड लावाले येऊन राह्यला. आठाच्या आधी जेवढं आत जाता येईल तेवढं गेलो. तो मोबाइलवरचा बाप्या कोन होता वं?”

सगळे माझ्याकडे बघत होते. झाडामागून बाबा निघाले, तेही बघायला लागले.

मग आईने सभा घेतली. वजनकाटा मोहाच्या फांदीला टांगला, एकेका पोराला त्यात बसवलं. बाकीच्या पोरांना पाच-पाच फुलांचे ढीग करायला लावले. आयांचे हात वेचत होते, तोंडं मॅडमना उत्तरं देत होती. कोणाला झोळीतलं पोर दाखवायचं होतं, कोणाला नाल्याचं पाणी कुठवर चढतं ते. मॅडम पाचव्या मिनिटाला खाली बसल्या आणि दहाव्या मिनिटाला फुलं वेचायला लागल्या.

निघताना म्हणाल्या, “अंगणवाडी इथून हलवू नका असं मी लिहिते. पण मोहाच्या दिवसांत सकाळी आठची सभा ठेवायचं सुचलं कोणाला?”

“शिकून राह्यली ना पोरगी,” आई म्हणाली. तिने मला वाचवलं की बुडवलं, ते मला अजून कळलेलं नाही.

घरी येऊन मी मोबाइलवर चिडले. मोह फुलतो ते सांगितलं काऊन नाई? त्याने नम्रपणे कळवलं की गाव कोणतं, महिना कोणता, हे मी सांगितलंच नव्हतं. तिथल्या माणसांना आधी विचारलेलं बरं. मी वही उघडून लाल वाक्याखाली तिसरी रेघ मारली.

मग अहवाल लिहायला बसले. यंत्राने काय केले? तक्ता. शिकवणाऱ्याने काय केले? सभा. शेवटचा रकाना होता, मार्गदर्शकाने (म्हणजे मी) काय केले? बराच विचार करून मी प्रामाणिकपणे लिहिलं: एक टोपली मोहफुले वेचली.

आईने मागून वाचलं. “अर्धी होती,” ती म्हणाली. “आन् त्यातला बी निम्मा पालापाचोळा.”