वायसरकाकांच्या हाताखालचा पंप

वायसरकाकांनी जुना वायसर फेकून दिल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांना हे नाव पडलं. त्यांची चाळीस वर्षं पंप दुरुस्त करण्यात गेली आणि शेवटचं एक वर्ष भीतीत. हात बधिर झाले होते. आधी बोटांची टोकं, मग तळवे. गार-गरम काही कळेना. दवाखान्यात गेलं तर काम बंद करा म्हणतील, म्हणून गेले नाहीत. काकूंनाही सांगितलं नाही. परक्यापेक्षा घरच्यांशी खोटं बोलणं सोपं असतं ना!

त्यातच दातांच्या डॉक्टरांची वाफेवर चालणारी मोटार कारखान्यात आली. त्यांच्या पणजोबांनी घेतलेली. तेलाचा पंप, इंधनाचा पंप आणि बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा पंप, तिन्ही गंजून बसलेले. काकांनी चार महिने खपून नवे दट्टे कातले, झडपा घासून बसवल्या. जिवाला घोर होता तो पाण्याच्या पंपाचा. तो अडला की खाली जाळ आणि वर कोरडा बॉयलर, पुढचं न बोललेलंच बरं. तो तपासायची काकांची रीत एकच. गाडी जरा फिरवायची आणि पंपावर तळहात टेकायचा. गार लागला तर ठीक. गरम लागला तर झडप बसत नाहीये, बॉयलरमधलं उकळतं पाणी उलटं येतंय.

चाचणीच्या सकाळी काकूही मुद्दाम बघायला आल्या. डॉक्टरांनी अंगणात चार फेऱ्या मारल्या.

“काका, पंप कसा आहे?”

काकांनी वाकून तळहात टेकला. काहीच लागलं नाही. काही लागलं नाही म्हणजे गार, ही चाळीस वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं, “गार आहे.”

डॉक्टरांची मुलगी टुणकन शेजारी चढून बसली. गाडी फाटकाकडे निघाली. घाम पुसायला काकांनी हात वर केला, तर तळवा लालभडक आणि मधोमध टरारून फोड. गप्प बसावं, आत्ता येतील परत, असंही क्षणभर मनात आलं. मग ते धावले.

“थांबा! जाळ बंद करा! पोरीला उतरवा आधी!”

डॉक्टरांनी जाळ बंद केला, मुलीला खाली ओढलं आणि बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच पाहिली. पाणी तळाला लागलं होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“अहो, गार आहे म्हणालात ना?”

“मला कळत नाही,” काका म्हणाले. “वर्ष झालं. या हातांना काहीच कळत नाही.”

काकूंनी बादली ओढली आणि त्यांचा हात पाण्यात बुडवून धरला.

“गेल्या महिन्यात मी तीन दिवस अंथरुणाला खिळले होते,” त्या हळूच म्हणाल्या. “रोज माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणायचात, ताप नाही, झोप.”