देवळामागची माती

"तुमचं मशीन खोटारडं हाय, साहेब," माझे चुलते रानात उभे राहून असे ओरडत होते की तिकडे भिंगारच्या लष्करी छावणीत पलटण बंदुका घेऊन उभी राहिली असेल. बहात्तरच्या दुष्काळात अख्ख्या शिवारात पाणी उरलं होतं ते आमच्या विहिरीला, पण इतकं खारट की बैल तोंड लावायचे आणि आमच्याकडे रागानं बघायचे. ते ज्वारीला द्यावं की नाही हे ठरवायला शेतीखात्याचे साहेब मशीनवर जमिनीतलं मीठ मोजणार होते, म्हणून त्यांनी पेरलेल्या रानातली माती मागितली. चुलत्यांनी दिली देवळामागच्या पडीक बांधाची, काळीभोर, चुलतीच्या पिठाच्या चाळणीनं चाळून, नव्या फडक्यात बांधून. "सरकारात आपल्या घरची माती जानार, ती काय पांढरी फुललेली धाडायची?" म्हणाले. मातीत मीठ नाही, पाणी द्यायला हरकत नाही, असा निरोप आला. चुलत्यांनी मोट थांबूच दिली नाही. बघता बघता गुडघाभर ज्वारी करपली आणि रान चुना फासल्यासारखं पांढरं झालं. आमची वर्षाची भाकरी आणि बैलांची वैरण, दोन्ही त्यातच होतं. साहेब ऐकून घेऊन सायकलवर बसून गेले. आजही कुठं मीठ फुटलेली जमीन दिसली की माझ्या तोंडाची चव जाते. त्या संध्याकाळी चुलते बांधावर बसून म्हणाले, "एवढी चांगली माती दिली, तरी असं का झालं?" चुलती करपलेली ताटं उपटत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तिथं आपन पेरलं न्हवतं."