तोंड न उघडणारी तबकडी

आमच्या बेटावरच्या माएबूर्ग गावातल्या रेकॉर्डवाल्याला गायकांचा तिटकारा होता. कोणी फिल्मी गाणी मागितली, की तो कडू औषध दिल्यासारखी ती देई आणि म्हणे, "न्या. पण माणसाने तोंड उघडलं की गिटार मेली."

नुसत्या गिटारींची एक रॉक तबकडी त्याने माझ्या धाकट्या भावाच्या गळ्यात मारली होती. भावाने ती झिजेपर्यंत वाजवली. तिला दहा वर्षे झाली म्हणून कंपनीने ती नव्याने काढली, तेव्हा भावाने लगेच मागवली. ती बोटीतून येण्याआधीच तो गेला.

सुतकातच रेकॉर्डवाला ती काखेत मारून दारात उभा राहिला.

"आयो! सुतकात गाणं?" आई म्हणाली.

"गाणं कुठलं, मावशी? यात कोणी तोंडच उघडत नाही. तुमच्या पंडितजींपेक्षा शांत आहे."

आई त्याला हाकलून देईल असे मला वाटले. तिने पदराने भावाच्या प्लेअरवरची धूळ पुसली. रेकॉर्डवाल्याने तबकडी लावली. गिटार किंचाळत राहिली आणि तो डोळे मिटून बसून राहिला.

बाजू संपल्यावर आई म्हणाली, "तुझी शांतता फार कर्कश आहे रे. उलटव, दुसरी बाजू लाव."

त्याने उठून तबकडी उलटवली आणि सुई टेकवली.